शेपटीचा तारा कोणी पाहिला?

वाईसिमाचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. सख्खा पुतण्या मासे घेऊन आला तरी आधी कल्ले उघडून बघायची, मग त्याची ख्यालीखुशाली. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, की यांना आज कोणी जेवायला बोलावलेलं नाही, हा तिचा हिशोब. आणि मेला बऱ्याचदा बरोबर निघायचा. नवरा होता तोवर म्हणायचा, "ही स्वर्गाच्या दारात उभी राहून विचारेल, हा खराच स्वर्ग ना? की भलतीकडेच आणलंत?"

संशय फक्त एका गोष्टीवर नव्हता, आईच्या ताऱ्यावर.

तिची आई, मेलेनाइते, छापाच्या पाट्या शिवायची. नारळाच्या पात्यांच्या शिरा टाचून नक्षी उठवायची, पाटी लांब फळीवर बांधायची, वर झाडाच्या सालीचं कापड पसरायचं. मग बायका दोन्ही बाजूंनी बसून तपकिरी रंगाच्या बोळ्याने घासत, की खालची नक्षी वर उमटे. मेलेनाइतेचा शेपटीचा तारा सगळ्या हाआपाई बेटांवर प्रसिद्ध. लहानपणी तिने तो आभाळात पाहिला होता म्हणे. गावातलं एक लग्न नाही, एक मयत नाही, की जिथे तो तारा अंथरला गेला नाही.

आणि शहाऐंशी साली, शहात्तर वर्षांनी, तो तारा परत आला. जेवणं उरकून अख्खं गाव समुद्रावर लोटलं. वाईसिमा सगळ्यांच्या पुढे, ठेवणीतले कपडे घालून. पाहुणा जणू तिच्याच घरचा! दिसलं काय, तर तव्याला पिठाचा हात पुसावा तसा एक पांढुरका डाग.

"हाच का गं तो?" लोसालिने म्हणाली. तीही पाट्या शिवायची आणि जीभ तिची सुईहून तिखट. "तुझ्या आईने कोळंबी बघितली आणि देवमासा शिवला की!"

सगळा किनारा हसला. वाईसिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोसालिने तेवढ्यावर थांबली असती तर ती लोसालिने कसली? नव्या चर्चसाठी मोठं कापड सोमवारी घासायला घ्यायचं होतं. "देवाच्या घरात खोटं अंथरायचं नाही," ती बायकांना म्हणाली. "म्हातारीने पाहिला असेल तर मध्यावर तिचीच पाटी. नसेल, तर माझी शंखाची." बायकांनी माना डोलावल्या. आई जिवंत असताना तिची पाटी सगळ्यांदेखत काढून टाकणार!

वाईसिमाच्या मनात पाल चुकचुकली ती आता थांबेना. आईने तारा नीट असा कधी सांगितलाच नव्हता. विचारलं, की "मोठा होता हो," आणि लगेच कंदांचा विषय. परवा समुद्रावर आली नाही, पाय दुखतात म्हणाली. दर रविवारी दोनदा चर्चला जातात ते पाय?

ती आईच्या वयाच्या एका म्हाताऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "तेव्हा? जग बुडणार म्हणून आम्ही सगळे चटयांखाली पालथे पडलो होतो. डोकं वर काढलं असतं, तर बापाने सोलून काढलं असतं."

वाईसिमा तरातरा घरी आली. "आई, तू तारा पाहिलास?"

"नाही," आई म्हणाली. इतकं सरळ!

"अगं मग इतकी वर्षं?"

"पाहिला असं मी कधी म्हटलं? लोक म्हणाले, मी गप्प बसले. तारा फाइवाने पाहिला, माझ्या भावाने. चटईखालून सटकला होता. परत आला तेव्हा थरथर कापत होता. अंधारात माझ्या पाठीवर बोटाने काढून दाखवला. मानेपाशी डोकं, आणि शेपटी पार कमरेपर्यंत. बापाने त्याला फोडून काढला. खोटारडा, खोटारडा करत गाव हसलं. पुढे तापाच्या साथीत गेला पोरगा, तोवर खोटारडाच होता. मग मी पाटी शिवली, आणि तेच लोक म्हणाले, हो, हो, अगदी असाच होता."

"पण तो खरं बोलत होता कशावरून?"

"कशावरून म्हणजे?" म्हातारी चिडली. "माझ्या पाठीवर त्याचं बोट थरथरत होतं."

वाईसिमाला आईचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सगळ्याजणी फळीभोवती जमल्या. मेलेनाइते दारात चटईवर बसली होती.

"काय गं, पाहिला होता का तुझ्या आईने?" लोसालिनेने विचारलं. शंखाची पाटी तिच्या मांडीवर तयारच.

'हो' म्हटलं असतं तर कोण उठून तपासणार होतं? पण वाईसिमा म्हणाली, "नाही. फाइवामामाने पाहिला."

"तो खोटारडा? पुरावा काय?"

"पुरावा नाही. मी मामाला बघितलंसुद्धा नाही. पण तो खरं बोलला होता."

लोसालिनेने शंखाची पाटी मांडीवरून उचलून पाठीमागे सरकवली.

"माझ्या आये, तू कोणाला तरी खरं म्हणालीस!" ती म्हणाली. "सख्ख्या पुतण्याला म्हणत नाहीस. मग खराच असणार तो पोरगा. बांध ती पाटी."

दारात मेलेनाइते दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडत होती.