क्लेअरची जोडीदार

कस्तुरी खांबेटे एके काळी इंग्लंडकडून बॅडमिंटन खेळायची, हे सिंगापूरमधल्या आमच्या बुओना व्हिस्टाच्या पंधरा-वीस मराठी घरांना कळायला बरीच वर्षं लागली. तोवर ती आमच्या लेखी शनिवारी कॉन्डो संकुलाच्या हॉलमध्ये मुलांना शिकवणारी आणि उशिरा येणाऱ्या आयांवर डोळे वटारणारी बाई होती. माझी मुलगी, पूर्वी, तिच्याकडे जाते. "कोच सो फियर्स, लाह," असं घरी येऊन इथल्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरते आणि पुढच्या शनिवारी माझ्याआधी बूट घालून दारात उभी असते.

कस्तुरीचा जन्म लेस्टरचा, आईवडील मूळ पुण्याचे. तिच्या शाळेच्या हॉलचं छत इतकं बुटकं, की शटल जरा उंच गेलं तर तुळईवर जाऊन बसायचं. म्हणून तिचा फटका सपाट आणि जोरकस झाला. एकेरीत ती काही चमकली नाही. दुहेरीत क्लेअर मिळाली आणि नशीब उघडलं. क्लेअर जाळ्याजवळ, कस्तुरी मागे. क्लेअर समोरच्यांना शटल उंच मारायला लावायची आणि कस्तुरी ते खाली हाणायची. टाळ्या अर्थातच हाणणारीला. शटल दोघींच्या मधोमध आलं की क्लेअर ओरडायची, "युअर्स!" आणि ते कस्तुरीने घ्यायचं. वर्षानुवर्षं दोघी असं खेळल्या, एका मोठ्या स्पर्धेत कांस्यपदकही आणलं.

मग क्लेअरचा गुडघा गेला. ती हॉस्पिटलात पडून असताना संघाने कस्तुरीपुढे नवी जोडीदार ठेवली आणि हिने हो म्हटलं. क्लेअरला एका शब्दाने सांगितलं नाही. तिला ते प्रशिक्षकाकडून कळलं. नव्या जोडीला काही सूर सापडला नाही. कस्तुरीने खेळ सोडला, लग्न केलं, नवऱ्याला इथल्या वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागात नोकरी मिळाली म्हणून इथे आली. हे सगळं तिने मला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी ही इथली कॉफी पिता पिता सांगितलं, कारण तिने क्लेअरला सिंगापूरला बोलावलं होतं आणि क्लेअर चक्क येणार होती.

"समोरासमोर माफी मागायची आहे गं," ती म्हणाली. "फोनवर धीरच होत नाही. तिचं नाव नुसतं आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं."

क्लेअर आली. जराशी लंगडत, पण हसतमुख. कस्तुरीने तिला पुलाउ उबीन बेटावर नेलं, गुडघ्याला सोसतं म्हणून सायकलवर फिरवलं, शहाळं पाजलं आणि माफी न मागताच बोटीत बसवून परत आणलं. "उद्या नक्की सांगते," असं मला रोज म्हणायची. मला रागच आला. जी बाई दुसऱ्यांच्या पोरांना बोलून बोलून रडवते, तिची जीभ नेमकी इथेच टाळ्याला चिकटावी?

तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष निशिकांत यांना कस्तुरीच्या पदकाचा पत्ता लागला. आपल्याकडे कौतुक करायचं तर शाल हवी, श्रीफळ हवं आणि माणूस आपलंच हवं. मंडळाच्या खेळांच्या दिवशी कोर्टावरच सत्कार ठरला. नंतर कस्तुरीने तिच्या कोण त्या पाहुण्या मैत्रिणीबरोबर एक सामना खेळून दाखवायचा.

"आपली मराठी मुलगी!" निशिकांत माइकवर गरजले. "एकटीच्या जिद्दीवर पदक मिळवलं!" मग त्यांनी मोठ्या अदबीने आपला फोन क्लेअरच्या हातात दिला. "मॅडम, वन फोटो प्लीज."

मला वाटलं, आता तरी कस्तुरी बोलेल. पण तिने शाल खांद्यावर घेतली, नारळ हातात धरला आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. क्लेअर दुखरा गुडघा सांभाळत मागे मागे सरकली, सगळे नीट फोटोत यावेत म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

सामना सुरू झाला, समोर निशिकांत आणि मंडळातलाच विक्रांत. मी गुण सांगायला जाळ्याच्या खांबाशी होते. पहिलंच शटल दोघींच्या मधोमध आलं. कस्तुरी हाकेची वाट बघत थांबली. क्लेअर काहीच बोलली नाही. शटल दोघींच्या पायाशी पडलं आणि कोणीतरी हसलं.

कस्तुरीने रॅकेट खाली ठेवली आणि जाऊन माइक घेतला. "ते पदक आमच्या दोघींचं आहे," ती म्हणाली. "फोटो काढत होती ना, ती माझी जोडीदार. तिचा गुडघा गेला तेव्हा मी तिला न सांगता सोडून गेले. आणि आत्ताही तुमच्यासमोर गप्प बसले. मला लाज वाटते."

निशिकांत बुटांकडे बघत राहिले. कस्तुरी परत आली, रडवेली, पण डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी.

"काय सांगितलंस त्यांना?" क्लेअरने इंग्रजीत विचारलं.

कस्तुरीचा चेहरा पार उतरला. सगळ्या हॉलला सांगून झालं होतं, आणि जिला सांगायचं तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मराठीतून सोपं गेलं होतं ते त्यामुळेच. आता तेच इंग्रजीत, माइकशिवाय, दोन हातांवरून सांगायचं होतं. ती सांगायला लागली आणि दोनदा अडली. मी खांबाशीच होते, मला सगळं ऐकू आलं.

क्लेअरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू मला विचारलं असतंस," ती म्हणाली, "तर मीच म्हणाले असते, जा, खेळ. हॉस्पिटलात मी फोन उशाशी घेऊन पडले होते, तुझा येईल म्हणून. प्रशिक्षकाकडून कळलं त्या दिवशी तुला हेच सांगायचं होतं."

एवढं बोलून ती जाळ्याजवळ आपल्या जागी जाऊन उभी राहिली. निशिकांतनी सर्व्हिस केली. दोन फटके झाले आणि शटल पुन्हा मधोमध आलं.

"युअर्स!" क्लेअर ओरडली.

कस्तुरीने रॅकेट उचललीसुद्धा, पण तिला शटल दिसतच नव्हतं.