कुंडीतली माती

मी चौथीपर्यंत शिकलेली. तरी ताईत, अंगारा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासूबाईंना मी मनातल्या मनात हसायची. माझं नाव छापू नये. मी हे लिहिलंय ते घरी माहीत नाही.

आमचं गाव देवगडजवळ, पण मिस्टर रेल्वेत फिटर, म्हणून पंचवीस वर्षं लखनौला. जानकीपुरमला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा निखिल मालवाहू जहाजावर असतो. आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्याला दारातली चिमूटभर माती कापडात शिवून देतात... ज्या दारातून गेला त्याच दारात परत यावा म्हणून. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. पण तिसऱ्या मजल्यावर दारात माती कुठली? मी बाल्कनीतल्या कुंडीतली घेतली. नर्सरीवाल्या भैयाची, काळपट.

निखिल हसला. "मम्मी, एअरपोर्ट पे पूछेंगे तो क्या बोलूँ? गमले की मिट्टी?" पण खिशात ठेवली.

मग नऊ दिवस फोन नाही. कंपनीवाले म्हणाले, वादळ आहे, संपर्क तुटलाय. मिस्टर जेवेनात. मला एकच गोष्ट खात होती – मी पोराला परक्या दारची माती दिली. शेवटी गावी मोठ्या जाऊबाईंना फोन केला. "ताई, आपल्या दारातली माती त्याच्या नावाने बांधा हो..."

"रडू नको गो. आत्ताच बांधतंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलचा फोन. "मम्मी, ठीक हूँ."

तो घरी आल्यावर मी पोटली उसवली. टाके माझेच, गाठही माझीच. आत माती तांबडी होती. आमच्या गावची असते तशी.

"तू बदललीस?"

"मैं? मुझे सुई पकड़नी आती है क्या?"

मिस्टर म्हणाले, "गंज असेल. जहाजावर सगळं लोखंडच."

असेल. पण ज्या मातीत वाढले ती मी ओळखणार नाही?

जाताना तीच परत शिवून दिली. पण उसवताना थोडी फरशीवर सांडली होती, ती मी सवयीने झाडून कचऱ्यात टाकली... आज त्याचा फोन येऊन सहा दिवस झाले. मिस्टर म्हणतात, नेटवर्क नसेल.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. आता कळायलाही नको. फक्त फोन वाजू दे.