आत्याची हाडं

माझ्या आत्याला सासरच्यांनी परत पाठवलं ते तिचा हात मोडला म्हणून. आधी पाय मोडला होता, मग शेणाची पाटी उचलताना मनगट, आणि जुळतं न जुळतं तोच पुन्हा तेच मनगट. सासू म्हणाली, कामाचा कंटाळा आहे, मुद्दाम पडते. नवऱ्यानं तिला जऊळक्याला आमच्या दारात आणून सोडलं आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं.

तेव्हापासून आत्या आमच्याच घरी. कामचुकार हा शब्द तिच्या सासरहून, शेलूबाजारहून, तिच्यामागे आमच्या गावापर्यंत आला. वाकड्या जुळलेल्या हातानं ती सगळ्यांच्या भाकरी थापायची, सगळ्यांच्या आधी निंदायला जायची. कधी एखादं बोट मोडलं तर फडकं करकचून बांधायची आणि ब्र काढायची नाही.

मी तिच्यावरच गेले होते. लंगडी खेळताना हात, विहिरीजवळ घसरून खांदा. मॅट्रिकच्या आदल्या वर्षी शाळेच्या पायरीवरून पडले आणि नडगी मोडली. शेजारची म्हातारी बघायला आली आणि म्हणाली, "मागच्या जन्माचं काहीतरी असन."

बाबा फटकन म्हणाले, "मागचा जन्म आमी नागपूरले दीक्षा घेतली तवाच टाकून आलो. पोरीले अकोल्याले नेतो."

बाबांनी आणि आत्यानं मला आगगाडीनं अकोल्याला नेलं. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं एक्स-रेत माझी जुनी मोडलेली हाडं पाहिली आणि आत्याकडे रागानं बघत विचारलं, "कोण मारतं हिला?"

आत्यानं पदर मागे सारून दोन्ही वाकडी मनगटं त्याच्यासमोर धरली. "मले कोणी मारलं, ते सांगा आधी."

तो मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी माझी पापणी खाली ओढली. माझ्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक होती. आमच्या घरात ती रोजचीच, कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं. मग त्यांनी आत्याचे डोळे पाहिले आणि व्हरांड्यातून बाबांना बोलावलं. बाबांचेही तसेच.

"तुमचं कधी हाड मोडलं?"

"काय?" बाबा म्हणाले.

आम्ही दोघी हसलो. बाबांचं एकही हाड कधी मोडलं नव्हतं, पण चाळिशीच्या आतच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेही यातलंच. हाडात नुसता चुना नसतो, त्याला धरून ठेवणारा एक धागा असतो, कोलॅजन नावाचा. तुमच्या घराण्यात तोच जन्मतः कच्चा आहे. हा दोष आईबापांकडून येतो, एकाच घरात कोणाला थोडा भोवतो, कोणाला फार. हिच्या प्रत्येक मुलाला निम्मा धोका राहील. "म्हणून लग्नाचा विचार करूच नका," असंही ते मला न विचारता बाबांना सांगून मोकळे झाले.

त्या धाग्याची घडण ठरवणाऱ्या जनुकातच आमच्याकडे बदल आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. आत्याला तेवढ्याची गरजच नव्हती. तिनं एकच विचारलं, "म्हंजे मी मुद्दाम नव्हती पडत?"

"मुद्दाम? बाई, या हाडांनी तुम्ही इतकं काम केलंत हेच नवल."

माझं प्लास्टर निघालं आणि मी नीट चालायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "मले शेलूबाजारले जायचं हाये."

आई म्हणाली, "कायले जुनं उकरून काढता, वन्स?"

"जुनं कसं? लोकं रोज म्हनून राह्यले."

बाबा सोबत निघाले, तर तिनं त्यांना थांबवलं. पोरगी येईल, म्हणाली, तिचे डोळे दाखवायचे आहेत.

आमच्याच भागातल्या मालेगावला बस बदलून आम्ही गेलो, तीही बाजाराच्या दिवशी, मुद्दाम. सासू अंगणात डाळ पाखडत होती. तिचा मुलगा, म्हणजे आत्याचा नवरा, बाजेवर बसला होता. आत्यानं जयभीम केला आणि ती उभीच राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या बायका कुंपणापाशी थांबल्या.

"मी काही मांगाले नाही आली," आत्या म्हणाली. "माही हाडं जन्मापासून कच्ची हायेत. या पोरीचीबी तशीच. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं. मी कामचुकार नव्हती. तुमी म्हनलं होतं, आता नव्हती म्हना."

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "झालं ते झालं."

सासूनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे खोटा माल देला होता तुह्या भावानं आमाले."

आत्या एक पाऊल पुढे गेली. "माल नव्हती मी. मोडक्या हातानं तुमचं शेण काढलं, ते या बाया पाहत होत्या. इचारा त्याईले."

कुंपणाशी उभी असलेली एक मुसलमान बाई, बांगड्यांची टोपली डोक्यावर असलेली, हळूच म्हणाली, "खरं हाय. मी पाह्यलं हाय इले, हात बांधून पानी भरे." दुसरीनं मान हलवली. सासू उठून आत गेली. "कामचुकार नव्हती" असं ती शेवटपर्यंत म्हणाली नाही.

बाजारात आत्यानं गरम भजी घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. "नाही म्हनली ते," मी म्हणाले. "न म्हनू दे," आत्या म्हणाली. "मी तं म्हनलं न."

त्यानंतर तिचं हाड मोडलं की ती सरळ बाज टाकून पडायची, जेवायला मागायची आणि बरं होईपर्यंत कामाला हात लावायची नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा नातेवाईक म्हणाले, डोळे खाली ठेव, म्हणजे झाकून जाईल. मी वर पाहिलं आणि हाडांचं सगळं सांगितलं. दोन ठिकाणचे लोक चहा पिऊन उठून गेले. तिसरा मास्तर होता. त्यानं विचारलं, मोडलं तर उचलायचं कसं? त्याच्याशी मी लग्न केलं.

मुलगी झाली, तिचे डोळे पांढरेशुभ्र. मुलाचे निळसर. त्याचा हात पहिल्यांदा मोडला तेव्हा तो ओठ दाबून मुका बसला होता. आत्या त्याच्याजवळ गेली, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "रड बापा, मोठ्यानं रड. आपन चोरी नाही केली कोणाची."