हलू का आता?

बाजेंना कुणी "बसा" म्हटलेलं अजिबात आवडायचं नाही. पाहुण्यांकडे गेले तरी दारात उभ्यानेच चहा प्यायचे आणि निघायचे. सगळं आयुष्य सिंकोनाच्या, म्हणजे कोयनेलच्या झाडांच्या मळ्यात उतार चढण्या-उतरण्यात गेलेलं, बसायची सवयच नव्हती त्यांना. रिटायर झाल्यावर उतार संपला, मग घरातच चालायला लागले. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून पलंग. खिडकीतून समोर मळ्याचा डोंगर दिसतो, धुकं असेल तर तोही नाही दिसत, तरी बघून यायचे. मळ्यात कधीतरी डाव्या पायावर ओंडका पडला होता, म्हणून तो पाय जड पडायचा. ठक-धप्प, ठक-धप्प. आमचं घर त्यांच्या खालच्याच अंगाला. लहानपणापासून मी त्या आवाजावर उठलेय.

त्यांचं खरं नाव आइतमान तामाङ, पण आख्ख्या वस्तीचे ते बाजेच, म्हणजे आजोबा.

त्यांचा मुलगा फुर्बादाजू. दाजू म्हणजे मोठा भाऊ; सख्खा नाही, पण मी त्याला दाजू म्हणते आणि तो मला बहिनी. कालिम्पोङच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण डोक्यात फक्त पतंग. उडवायचे नाहीत हां, दिव्यावर येतात ते. संध्याकाळी दिव्याखाली आलेला पतंग डबीत घालून थंड जागी ठेवायचा आणि सकाळी तो गारठून गप्प बसलेला असताना फोटो काढायचे. मग ऊन आलं की बाहेर झाडावर सोडून द्यायचा. एकाला कधी मारलं नाही त्याने.

नखाएवढा जीव, आणि भिंग इतकं जवळ न्यायचं की डोळा स्पष्ट आला की पंख धुरकट, पंख स्पष्ट आले की डोळा गेला. म्हणून एकाच पतंगाचे ढीगभर फोटो काढायचे, दरवेळी नजर केसभर पुढे सरकवायची, आणि मग कॉम्प्युटरवर ते सगळे एकावर एक रचून प्रत्येकातला फक्त स्पष्ट भाग घ्यायचा. ते रचायचं काम माझ्याकडे, कारण लॅपटॉप माझा आणि कॉलेज सुटल्यावर मी तिथेच पडलेली असायचे.

गेल्या वर्षी गुवाहाटीच्या एका संग्रहालयाने दाजूचे फोटो मागितले. भिंतीवर, माणसाएवढे मोठे करून लावणार होते! आजवर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, सगळे "किडेवाला" म्हणून हसायचे. दाजू त्या दिवशी दुकान बंद करून घरी आला आणि बाजेंना म्हणाला, "बा, माझे किडे तुमच्यापेक्षा मोठे होणार."

बाजे म्हणाले, "मग त्यांनाच सांग आता पाणी भरायला."

पण फोटो जुळेनात. मोबाइलवर छान दिसायचे, मोठे केले की घोळ. पतंगाला तीन मिशा! एक खरी आणि तिच्या शेजारी दोन भुतं. मी काय काय नाही केलं. फोटोंचा क्रम उलटा लावला. पहिल्याऐवजी मधला फोटो धरून बाकीचे त्याला जुळवले. सरकलेले फोटो काढून टाकले, तर तेवढ्या जागी पंखावर धुरकट पट्टा. सगळा फोटो एकसारखा सरकला असता तर कॉम्प्युटरने ओढून आणला असता ना जागेवर. पण इथे जवळची मिशी जास्त सरकलेली आणि मागचा पंख कमी. पंख जुळवला की मिशी सुटायची, मिशी जुळवली की पंख. रडायला यायचं यार.

"तू नीट करत नाहीयेस," दाजू.

"तुझा पतंग हलतोय!"

"तो गारठलाय. तूच हलतेस."

भाउजू, म्हणजे दाजूची बायको, आतून ओरडली, "दोघं बाहेर जाऊन भांडा, पतंग तरी झोपू दे बिचारा."

मग एकदा बाजे पेदोङला कुणाच्यातरी लग्नाला गेले आणि त्या सकाळचे सगळे फोटो पहिल्या फटक्यात जुळले. आम्ही नाचलो. बाजे परत आले, परत तीन मिशा. दाजू कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. बाजे खिडकीकडे निघाले. ठक. धप्प. दाजूने हात झटकन मागे घेतला.

लाकडी जमीन. कॅमेरा उभा एका फळीवर, पतंगाचं टेबल दुसऱ्या फळीवर. बाजेंचा जड पाय पडला की एक फळी दबायची, दुसरी नाही.

"बा," दाजू म्हणाला, "सकाळचं जरा एका जागी बसाल का? फोटो होईपर्यंत."

बाजेंनी त्याच्याकडे बघितलं, मग पतंगाकडे. "हा बसतो तसा?"

"हो."

"ह्याला थंडीत ठेवतोस म्हणून बसतो. मलाही ठेवणार का?"

सगळे हसलो. आणि ते खरंच बसले. पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यावर, शाळेतल्या फोटोसारखे. मध्येच हळूच विचारायचे, "हलू का आता?" आणि दाजू म्हणायचा, "थांबा बा, अजून थोडे राहिलेत." इतकी मजा वाटायची आम्हाला त्याची! मी तर त्यांची नक्कल करायचे. चहा उचलताना "हलू का आता?", जांभई देताना "हलू का आता?" तेच सर्वांत मोठ्याने हसायचे.

फोटो सुंदर यायला लागले. मग दाजूला सकाळ पुरेना. दुपारी दुकानातून पळत यायचा, सुट्टीच्या दिवशी तर सबंध दिवस. भाउजू एकदा म्हणाली, "बांना असं बसवून ठेवू नकोस. पाय आखडतील."

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे गं."

"त्यांना बाहेर तरी नेत जा."

"नेतो ना. हा एवढा एक पतंग मिळू दे."

तो एक पतंग म्हणजे मिशा पिसांसारख्या आणि पाठीवर चांदी सांडल्यासारखे ठिपके असलेला. दाजूला एकदाच दिसला होता, आणि त्याचे फोटो बाजेंच्या चालण्याच्या दिवसांतले, सगळे भुतांचे. भिंतीसाठी त्याला तोच हवा होता.

बाजेंचं खिडकीकडे जाणं कधी थांबलं ते आम्हाला कळलंच नाही. दाजू दुकानात असताना, कॅमेरा झाकून ठेवलेला असतानाही ते बसूनच असायचे. मी गेले की विचारायचे, "हलू का आता?" मी म्हणायचे, "बाजे, दाजू नाहीये घरात, चाला की!" तर म्हणायचे, "बरं, चालतो," आणि बसूनच राहायचे. सकाळी मला गजर लावावा लागायला लागला. तेव्हाही काही वाटलं नाही, खरंच.

थंडीत एक दिवस त्यांना उठताच येईना. पाय लाकडासारखे. दाजूने पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात चालत ठेवायला हवं होतं. दाजू नुसता मान हलवत होता. मग छातीत कफ भरला. घरी आणल्यावर दाजू आणि भाउजू त्यांना कुशीवर वळवायचे, चादर बदलायची म्हणून, आणि दरवेळी, डोळे मिटलेले असतानाही, बाजे विचारायचे, "हलू का?"

"हला बा," दाजू म्हणायचा, "हला ना. कितीपण हला."

माघ सरला त्या आठवड्यात ते गेले.

घेवाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी करतात त्या विधीला सगळा गोतावळा जमला. दाजूच्या मामांनी दोन दिवस डंफू, म्हणजे आमचा डफ, वाजवला, लामांचं वाचन चालू होतं, घरात पाय ठेवायला जागा नाही. भाउजूने पाहुण्यांना झोपायला जागा करायची म्हणून तिकाटणं बाहेर काढून टाकलं आणि कॅमेरा टेबलावर एका जुन्या फळीवर ठेवून दिला, तांदळाच्या पिशवीला टेकवून.

विधी संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची निघायची धावपळ. कुणी गाठोडी बांधतंय, पोरं पळतायत, मामा सेलरोटी पिशवीत कोंबतायत. मी कप धूत होते तर दाजूने हाक मारली. दाराच्या चौकटीवर तो बसला होता, चांदी सांडलेला.

दाजू कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मला वाटलं हाकलणार त्याला. मग त्याने तो हळूच डबीच्या झाकणावर घेतला, झाकण त्याच फळीवर कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि फोटो काढले. तिकाटणं शोधलं नाही, कुणाला थांबा म्हटलं नाही. मामा तर मागून गाठोडं ओढत गेले. दाजूला फोटो हवा होता असंही वाटलं नाही मला, हातांना सवय म्हणून काढत होता.

मी लॅपटॉप उघडला. सगळे जुळले. मिशीचं पीस न पीस वेगळं. एक भूत नाही.

"कसं?" दाजू म्हणाला.

मी फळीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. कॅमेरा आणि पतंग एकाच फळीवर. जमीन दबली तर दोघं मिळून दबणार, दोघं मिळून वर येणार. एक फळी! स्वयंपाकघरातल्या फडताळाची, पावसाळ्यापासून बाजेंच्या पलंगाखाली पडलेली.

"बहिनी, चाल," दाजू म्हणाला.

"काय?"

"पलंगापासून खिडकी. चाल तू. मी काढतो परत."

मी चालले. त्याने काढले. जुळले.

"जोरात चाल. डावा पाय आपट."

मी पाय आपटत गेले, ठक-धप्प, ठक-धप्प, आणि स्वयंपाकघरातून भाउजू धावत बाहेर आली, हात पिठाचे, चेहरा असा की मी तिथेच थांबले. तिला वाटलं असणार... मला नाही लिहिता येत तिला काय वाटलं असणार ते.

"थांबू नकोस," दाजू म्हणाला. "उडी मार."

मारली. खिडकीची काच थरथरली. तो फोटो काढत राहिला. मी लॅपटॉपवर टाकले, आणि मनात म्हणत होते की निदान एक तरी सरकू दे, एक तरी मिशी फुटू दे. सगळे जुळले.

दाजू बाजेंच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसला, हात गुडघ्यावर. भाउजू जवळ जाऊन उभी राहिली. खिडकीत ऊन आलं होतं, पतंगाने पंख थरथरवले, दोनदा झाकणावर गोल फिरला आणि उडून गेला.

ती पलंगाची कडा तिथे थोडी खोल गेलीय, बसून बसून. दाजू अजून तिथेच बसतो. भिंतीसाठी त्याने काही पाठवलं नाही.