दहापर्यंत मोजणारा इवाई

जगात कुणालाही असा इवाई मिळू नये, आन् मिळालाच तर माझ्यासारख्या सोशिक माणसाला मिळावा. माझी धाकटी लेक ज्या घरात दिली, त्या घरचा हा म्हातारा एकेकाळी मुक्केबाजीत सगळ्या देशाचा चॅम्पियन होता. पैशावर लढायचा. मुंबई, कलकत्ता, पार बँकॉकपर्यंत जाऊन लोकांची थोबाडं फोडून आला, पट्टा जिंकला, तो कुणाला हिसकू न देता आपणहून रिटायर झाला, आन् मंग उरलेलं आयुष्य मला छळायला गावात येऊन बसला. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला बराबर कळतं, की ज्यानं इतके ठोसे खाऊन आपलं म्हणणं सोडलं न्हाई, त्याला तोंडी सांगून काही उपयोग नसतो.

लग्नातली इवाईभेटच बघा. रीतीप्रमाणं मी गळाभेट घेतली, तर ह्यानं माझे दोन्ही हात काखेत दाबून धरले, डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आन् तसाच उभा राहिला. वाजंत्री थकून थांबली, हा सोडायला तयार न्हाई. मागून कळलं, त्यांच्या खेळात गडी एकमेकांना बिलगले की पंचानं सोडवायचं असतं. हा पंचाची वाट बघून राह्यला होता! शेवटी भटजींनी आम्हाला वेगळं केलं. मंग मी गंध लावायला हात पुढं नेला, तर ह्याची मान अशी सुर्रकन बाजूला गेली की गंध मागं उभ्या असलेल्या त्याच्या मेव्हण्याच्या नाकाला लागलं.

"इवाई, डोकं जाग्यावर ठेवा की!"

"मंग सांगून हात आणत जावा. समोरून आलेला हात मी कधी लागू दिला न्हाई."

एकदा हौसेनं माझ्या कपाशीत खुरपायला आला. तीन मिनिटं वाऱ्यासारखं खुरपायचं, मंग एक मिनिट स्टुलावर बसून चूळ भरायची आन् बादलीत थुंकायचं. स्टूल आन् बादली घरून आणली होती. दुपारपर्यंत खुरपणाऱ्या बाया सगळ्या बांधावर बसलेल्या. मी ओरडलो, तर त्यांतली एक म्हणते, "काका, आमचा बी राऊंड झाला."

हे सगळं मी सहन केलं. पण ह्या माणसाच्या मनात एक काटा होता. आमचं गाव कुस्तीचं. बॉक्सिंगला इथं कोणी खेळच मानत न्हाई. पारावरचे लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे, "ठोसे तर दारू प्यालेला माणूसबी मारतो. त्याला काय इल्म लागतो?" हा हसायचा. पण लेक सांगायची, त्या दिवशी मामंजी अर्धीच भाकरी खातात. आपल्या गावानं एकदा तरी आपल्याला मानावं, एवढीच त्याची भूक होती.

मागच्या जत्रेत कमिटीनं शेवटच्या कुस्तीला त्याला पंच म्हणून बोलावलं. काय आनंद झाला होता! आन् काय केलं ह्यानं? आमच्या गावच्या पैलवानाची पाठ मातीला लागली. हलगी कडाडली. पाठ लागली की कुस्ती संपली, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक. पण हा धावत गेला, वरच्या गड्याला ढकलून कडेला उभं केलं, खालच्यावर वाकला आन् बोटं दाखवत मोजायला लागला, "एक! दोन! तीन!"

मी कडेवरून बोंबललो, "इवाई, संपलं! पाठ लागली!"

"दहा होऊ द्या! दहाच्या आत उठला तर तो हरला न्हाई!"

सातला आमचा पैलवान गोंधळून उठून बसला, आठला उभा राहिला. ह्यानं त्याच्या तळहाताची माती आपल्या सदऱ्याला पुसली आन् म्हणाला, "लढा!" मंग काय विचारता! आमचे लोक म्हणतात, कुस्ती चालू हाय. बाहेरगावचे म्हणतात, आमचा गडी जिंकला. टोप्या उडाल्या, धोतरं सुटली. शेवटी कमिटीतल्या दुसऱ्यांनीच निकाल दिला, आन् सगळं खापर माझ्या इवाईवर.

घरी येताना मी त्याला बिलकुल सोडला न्हाई. "अहो, पाठ लागली की हरला! बापजाद्यांचा नियम हाय!"

तो रस्त्यातच थांबला. "इवाई, पट्टा जिंकला त्या दिवशी मी दोनदा खाली पडल्तो. तुमचा नियम असता, तर मी आज कोण असतो?"

मी धोतर सावरलं आन् पुढं चालायला लागलो.

यंदा जत्रेच्या दिवशी सकाळीच हा माझ्या लेकीला घेऊन आला आन् माझ्या ओट्यावर बसला. एवढ्या उन्हात अंगात निळा कोट, सगळ्या गुंड्या लावलेल्या. दुपारी हलगी सुरू झाली, तरी बोलवायला कोणी आलं न्हाई. मी जन्मात कुणाच्या दारी काही मागायला गेलो न्हाई. त्या दिवशी गेलो. कमिटीचा म्होरक्या म्हणाला, "काका, पंच जांबहून आणलेत. तुमचे इवाई हसायला बरे हायत, पंच म्हणून नको." त्याला मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं न्हाई.

परत येऊन म्हणालो, "कुस्त्या लांबल्यात. येईल माणूस बोलवायला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "इवाई, तुम्हाला फसवता येत न्हाई. ठोसा यायच्या आधीच तुमचा खांदा हालतो. सूनबाईला चहा सांगा."

कोट काढायला म्हणून आत गेला, तो बाहेर येईचना. जाऊन बघतो, तर गुंड्यांशी झटून राह्यलेला. त्या काळात बोटांची हाडं इतक्यांदा मोडलीत, की सकाळी माझ्या लेकीनं लावून दिलेल्या गुंड्या त्याच्यानं निघेनात. "सरका," मी म्हणालो. वरपासून एकेक गुंडी काढली, आन् दर गुंडीला एक शिवी दिली. एक कमिटीला, एक त्याला. तो मान वर करून उभा होता. शेवटची गुंडी मात्र हळूच काढली. शिव्या संपल्या होत्या.