मिश्री कम खाओ

राग आला की मी भांडी घासते. नवरा म्हणतो, त्या वर्षी आपल्या घरातला एकही टोप बिनघासलेला राहिला नव्हता. खरं आहे. ओमानात, अझैब्यातल्या आमच्या फ्लॅटच्या वरून दिवसभर विमानं जायची, जुना विमानतळ तेव्हा चालू होता, आणि मी सिंकपाशी उभी राहून टोपांच्या बुडाशी भांडत असायची. राग नेमका कोणावर, हे मला आजही एका दमात सांगता येत नाही. म्हणून एका शब्दापासून सुरू करते.

मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याउठल्या बोटावर घेऊन दातांना लावायची. रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीत हे सगळेच करतात. आई भाजायला बसली की धुरानं ठसका लागून आम्ही पोरं अंगणात पळायचो, आणि ठसका थांबला की बोट पुढे करायला परत यायचो. तंबाखू खाणाऱ्या माणसाला आमच्याकडे व्यसनी समजतात. मशेरी लावणारी बाई मात्र दात घासणारी बाई. मी कॉलेजात गेले तेव्हा मैत्रिणी माझ्या काळ्या बोटाला हसल्या आणि माझी मशेरी सुटली. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, हसणारं कोणी भेटलं नाही.

मशेरी हा झाला वाडीचा शब्द. परक्यांशी, त्यातून हिंदीत बोलायची वेळ आली की आमची माणसं जरा सावरून बसतात, आणि मशेरीची मिश्री होते. म्हणजे शब्दाला इस्त्री करायची. ही इस्त्री आमच्या घराला भोवली.

दादा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या कारखान्यात वेल्डर होता. राहायला कंपनीचा कॅम्प, एका खोलीत सहाजण. जमेल त्या शुक्रवारी शेअर टॅक्सीनं माझ्याकडे यायचा, येताना वाटेत खाबुऱ्याच्या बाजारातून मासळी आणायचा आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत दोन वेळचं जेवून जायचा. मी इथे एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. त्यावरून तो मला फार छळायचा. "दातांच्या डॉक्टरनीकडं कामाला, आनि दात बग तुजे. माजे बग, मोती!"

व्हिसा मिळायच्या आधी एकदा आणि पुढे दर नूतनीकरणाला दादाची मेडिकल व्हायची. छातीचा फोटो, रक्त. छातीतलं आणि रक्तातलं दुसऱ्याला लागू शकतं, तेवढं तपासायचं. तोंडातलं कोणाला लागत नाही. इतकी वर्षं तो माणूस तपासून घेत होता आणि त्याला कोणीही कधीही "आ कर" म्हटलं नव्हतं. हे मी ओमानचंच सांगते असं नाही. जगात कुठेही कामाला माणसं आणतात तिथे हात, पाय, पाठ आणि छाती बघतात. पण मला जग नको, मला माझा दादा माहीत आहे, म्हणून त्याचंच सांगते.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या कारखान्यात आरोग्य शिबिर झालं. कामगारांच्या तब्येतीचा अभ्यास करणारी कोणती तरी टीम होती. मांडव, टेबलं, पाण्याच्या बाटल्या, टोप्या वाटल्या. वजन, ब्लड प्रेशर, साखर, आणि शेवटी टॅब्लेट घेऊन बसलेली एक डॉक्टरीण बाई, प्रश्न विचारायला. हिंदी पट्ट्यातली, तरुण, हसतमुख. दादाला ती आवडली होती, कारण तिनं त्याला "भैया, बैठिए" म्हटलं. तिथे आदरानं बसा म्हणणारं कोण भेटतं?

तो शुक्रवारी आला तेव्हा टोपी घालूनच आला. चहा पुढे केला तर म्हणाला, "बिनसाखरेचा दे. साखर बंद केलीय."

"का? डायबिटीस निघाला?"

"नाय गो बाय. डॉक्टरीण बोलली, गोड कमी करा."

मला बरंच वाटलं. बाईनं निदान एक चांगली गोष्ट सांगितली, असं मी नवऱ्याला म्हणाले. पुढचे कित्येक महिने दादा माझ्याकडे बिनसाखरेचा काळा चहा तोंड वाकडं करून प्यायचा आणि वर प्रौढी मिरवायचा.

त्याच दिवसांत माझ्या दवाखान्यात गुलाबी रिबिनी आल्या. स्तनांच्या कॅन्सरची जागृती. मॉलमध्ये गुलाबी फुगे, गुलाबी केक, तपासणीची गाडी थेट आमच्या कॉलनीच्या तोंडाशी उभी. मला दोनदा मेसेज आला, एकदा फोन आला. मी गेले, तपासून घेतलं, छान झालं. सगळ्या बायकांना हे मिळावं. पण ज्या रस्त्यानं ती गाडी अझैब्यात आली, तोच रस्ता पुढे सोहारला जातो, आणि तिथल्या कॅम्पात हजारो माणसं तोंड मिटून झोपतात. त्यांच्या तोंडाला कुठल्या रंगाची रिबीन आहे, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर दादा एका शुक्रवारी जेवायला बसला आणि बांगड्याचं कालवण त्यानं बाजूला सारलं. त्यानं स्वतः आणलेला बांगडा! नुसता दहीभात कालवला आणि एका गालानं चावायला लागला.

"काय झालं?"

"तोंड आलंय जरा. गरमीचं हाय."

"कधीपासून?"

"झालं काय दिवस. कॅम्पातल्या दवाखान्यात दाखवला. जेल दिलान, गोळ्या दिल्यान. सबजा पितोय."

मी ताट तसंच ठेवलं आणि त्याला उठवलं. आमचा दवाखाना शुक्रवारी संध्याकाळी उघडतो. डॉक्टरीणबाई केरळच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्याचा गाल आरशानं बाजूला केला आणि दिवा जवळ ओढला. मग विचारलं, "तंबाकू?"

"नहीं, मॅडम," दादा ताठ आवाजात म्हणाला. "बीडी नहीं, गुटखा नहीं, दारू भी नहीं."

तो खोटं बोलत नव्हता. हे मला आजही ओरडून सांगावंसं वाटतं. मी मध्ये पडले. "मॅडम, तो मशेरी लावतो." त्यांना शब्द कळला नाही. मी सांगितलं, भाजलेला तंबाखू, पूड करून, हिरड्यांना चोळायचा. त्यांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"कितने साल से?"

"दाँत आए तब से," दादा म्हणाला आणि हसला. विनोद केला होता त्यानं. मग आमचे चेहरे बघून गोंधळला. "पन मी सांगितलेलं ना शिबिरात. ती विचारत होती, दाँत किससे साफ करते हो? मी बोललो, मिश्री से."

"मग?"

"मग हसली. बोलली, मिश्री कम खाओ भैया, मीठे से दाँत सड़ते हैं. मी म्हटला, मिश्री गोड कुठं असते? पन डॉक्टर हाय, बोलतेय म्हंजे काय तरी असंल. म्हनून साखर बंद केली. आनि मिश्री बी कमी केली थोडी. ती कमी कर बोलली, बंद कर नाय बोलली."

मिश्री म्हणजे हिंदीत खडीसाखर. त्या बाईला वाटलं, हा खुळा कोकणी माणूस खडीसाखरेनं दात घासतो. आणि दादाला वाटलं, शिकलेली डॉक्टरीण मशेरी थोडी थोडी चालेल म्हणते. दोघंही एकमेकांशी अदबीनं बोलले. तंबाखूच्या प्रश्नावर तिनं "नाही" टिपलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. गालात जळजळतं, हेही दादानं तिला तेव्हाच सांगितलं होतं, तर म्हणाली, उसके लिए कॅम्प के क्लिनिक में दिखाइए. तोंड दोन हातांवर होतं. टेबलावर मोबाइल होता, मोबाइलला टॉर्च असते.

गालाचा तुकडा तपासायला गेला आणि जे यायचं तेच आलं, कॅन्सर. कंपनीच्या ऑफिसातला माणूस वाईट नव्हता, हे आणखी वाईट. त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "इंडिया में ट्रीटमेंट अच्छा होगा भाई. घरवाले रहेंगे साथ में. इन्शाल्ला सब ठीक." तिकीट काढलं, व्हिसा रद्द केला, खलास. ज्या माणसानं त्यांचे पाइप जोडले त्याचा गाल उसवल्यावर त्यांनी त्याला विमानात बसवून हात झटकले. मी विमानतळावर दादाला म्हटलं, "बरा होऊन ये." तो म्हणाला, "मासळी कोन आनील तुला आता?" हे त्याच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं स्वच्छ वाक्य.

मुंबईत ऑपरेशन झालं. गाल, खालच्या जबड्याचा एक भाग आणि थोडी जीभ काढावी लागली. जीव वाचला. चार महिने आधी आला असता तर जीभ राहिली असती, असं तिथला डॉक्टर वहिनीला सहज बोलून गेला. मी फोनवर ते ऐकलं आणि त्या दिवशी कढई घासून घासून तिचं हँडल हलायला लागलं.

पुढच्या एप्रिलात इथल्या आपल्या लोकांचा चौदा तारखेच्या जयंतीचा कार्यक्रम होता. पुढच्या रांगांत इंजिनिअर, ऑफिसर, त्यांच्या बायका, इंग्रजीत कुजबुजणारी पोरं. मागच्या रांगांत कंपन्यांच्या बसमधून आलेले कामगार. प्रबोधन म्हणून आरोग्यावर एक व्याख्यान ठेवलं होतं. व्यासपीठावर आली तीच बाई. दादाच्या टोपीवरचा शिक्का तिच्या पहिल्या स्लाइडवर होता आणि खाली सोहारच्या मांडवात टॅब्लेट घेऊन बसलेली ती, म्हणून ओळखलं. हिंदीत छान बोलली. शेवटी म्हणाली, तुमचं अभिनंदन करायला हवं, महाराष्ट्रातल्या कामगारांमध्ये आम्हाला तंबाखूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई अभिमानानं माझ्याकडे बघून हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा माझा पदर धरायच्या आत मी उभी राहिले.

"एक विचारू का?" मी मराठीत म्हटलं, मागे तोंड करून. "तंबाखू कोण कोण खातं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बाई प्रसन्न दिसली.

"आता मशेरी कोण कोण लावतं?"

मागच्या रांगांत आधी एक हात वर झाला. मग दोन. मग हसत, एकमेकांना ढोसत, रांगाच्या रांगा. कोणी तर खिशातली डबी काढून दाखवली. पुढच्या रांगेतले साहेब मान वळवून बघायला लागले, आणि त्यांच्यापैकी एकाच्या बायकोचा हात खांद्यापर्यंत येऊन खाली गेला.

"क्या पूछा इन्होंने?" बाईनं माईकवरून विचारलं.

सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, कार्यक्रम संपल्यावर बोलू या ना." म्हणून मीच सांगितलं, हिंदीत, माझ्या दादासकट. खडीसाखरेपाशी आले तेव्हा बाईचा चेहरा उतरला. तिला आठवलं असावं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, आमचे प्रश्न ठरलेले असतात, सगळीकडे तेच विचारायचे असतात, त्यात हा पर्याय नव्हता. तुम्ही मला ईमेल करा, फार महत्त्वाचा मुद्दा आहे.

मुद्दा! मी म्हटलं, "मॅडम, मुद्दा नाही, माझा भाऊ आहे." आणि खाली बसले. तिची दया आली का? नाही आली. तुम्ही ज्याच्या तब्येतीचा अभ्यास करता त्याच्या तोंडातला एक शब्द समजून घ्यायला काय लागतं? मांडवात शंभर मराठी माणसं बसली होती. एकाला विचारायचं होतं. ईमेल मी केली. उत्तर आलं, धन्यवाद म्हणून.

मे महिन्यात गावी गेले. दादा ओटीवर बसला होता, अर्धा चेहरा आत ओढलेला, गळ्याशी टॉवेल. मला बघून डोळ्यांनी हसला. बोलायला लागला की शब्दांचा चिखल व्हायचा, म्हणून फारसा बोलत नव्हता. वहिनी त्याला पेज भरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ठसका लागून जाग आली. मी चुलीपाशी गेले. आई तवा ठेवून बसली होती आणि पानं भाजत होती.

"आई! अगो, हे एवढं झालं, आणि तू अजून?"

आईनं मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "मी कुठं तंबाकू खाते गो? त्याला त्या परदेशात काय ते लागलान. वेल्डिंगचा धूर, दुसरा काय."

दादा दाराशी येऊन उभा राहिला होता. त्यानं तव्याकडे बोट केलं, मशेरीनं काळं झालेलं ते उजव्या हाताचं बोट, अजून पुरतं पांढरं न झालेलं, आणि उरलेल्या जिभेनं जोर लावून एक शब्द काढला. लाळ गळ्यावर आली. त्यानं टॉवेलनं पुसली आणि पुन्हा तोच शब्द काढला, आधीपेक्षा मोठ्यानं.

आई माझ्याकडे वळली. "काय म्हनतोय गो तो?"

"तंबाखू म्हणतोय," मी म्हटलं.