भेगेतला दगड

बहात्तरच्या दुष्काळात संगमनेर तालुक्यातल्या एका खडीच्या कामावर मी मोजमाप घ्यायला होतो. भूशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती आणि तिचा तोरा माझ्या अंगात मावत नव्हता.

माळावर कोणी कुठं बसून दगड फोडायचा, ते मीच ठरवून दिलं होतं. सगळ्यांचे ढीग संध्याकाळपर्यंत भरत, टोकाला बसवलेल्या एका नवरा-बायकोचा मात्र निम्म्यावरच राही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी त्या बाईला कामचोर म्हणालो.

"दगुड लई चिवट हाय, साहेब," ती म्हणाली. "घन नुस्ता उडतोय."

"दगड सगळ्यांना सारखाच आहे. उद्या ढीग भरला नाही, तर दोघांचीही नावं काढीन."

त्या साली कामावरून नाव जाणं म्हणजे चूल बंद होणं. मला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तीच धमकी दिली.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो, तेव्हा ती दोघं कधीची कामाला लागलेली. तिच्या तळव्यांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्यांतून रक्त आलं होतं. बघवेना, म्हणून नजर खाली वळवली आणि उगाच एक तुकडा उचलला. काळाकुळकुळीत, बारीक कणांचा, भोकाचा मागमूस नाही. मान वर केली तर तशाच दगडाची अरुंद पट्टी माळ चिरत थेट टेकडीपर्यंत गेलेली.

बाकीच्यांच्या वाट्याला लाव्हाच्या थराचा, भोकाभोकांचा, ऊनपावसानं खिळखिळा झालेला दगड होता. या दोघांना मी नेमकं डाइकवर बसवलं होतं. जुन्या थरांना पडलेल्या भेगेत खालून शिलारस चढतो, जमिनीच्या पोटातच थिजतो आणि त्याची कठीण, उभी भिंत होते. वरची जमीन झिजली की ती उघडी पडते. परीक्षेत यावर मी आकृतीसकट दोन पानं लिहिली होती. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती. आणि इथं तीन दिवस मी त्याच भिंतीवरून बूट वाजवत फिरत होतो.

चूक माझी होती, हे सगळ्यांदेखत सांगायला हवं होतं. तिला बोललो तर सगळ्यांदेखतच होतो ना! पण "तिकडं पलीकडं बसा," एवढंच पुटपुटलो. त्या संध्याकाळी त्यांचा ढीग सगळ्यांच्या आधी भरला.

ती माझ्यापाशी आली आणि तेच चिंध्यांतले हात जोडून म्हणाली, "लई उपकार झाले, साहेब. तुमी हुता म्हून आमची नावं ऱ्हायली."

आणि मी, हलकटासारखा, "असू दे, असू दे" म्हणालो.